टोचनवाले शेठ

शेलूबाजारच्या चौकात ढेप-सरकीचं, म्हणजे गुरांच्या खुराकाचं, दुकान असलेल्या शिखरचंद शेठना तंबाखूचं व्यसन नव्हतं, चहाचंही नव्हतं. व्यसन एकच होतं. गावात जी वस्तू कुणाकडेच नाही, ती सगळ्यांच्या आधी आपल्याकडे यावी.

या व्यसनापायी त्यांनी एकदा दुकानाला आपोआप सरकणारं काचेचं दार बसवलं होतं. शहरात ते माणूस पाहून उघडतं म्हणे. शेलूबाजारात ते माणसासाठी अडून बसायचं आणि बकरी दिसली की सरकन उघडायचं. बकऱ्या आत यायच्या, पोटभर सरकी खायच्या, आणि जातानाही दार त्यांना अदबीनं वाट करून द्यायचं. त्याच्या आधी शेठनी बोलणारा काटा आणला होता. मालाचा कट्टा, म्हणजे पोतं, वर ठेवलं की काट्यातली बाई मोठ्यानं वजन सांगायची. पण दुकानात काट्यानं असं चारचौघांत खरं बोलावं, हे बाजारातल्या बाकी दुकानदारांना रुचलं नाही, आणि एका पावसाळ्यात तिचा आवाज बसला तो बसलाच. दोन्ही वस्तू आता गोदामात एकमेकींच्या सोबतीला होत्या.

दुकान खरं चालवायच्या भंवरीबाई. शेठची बायको. गल्ल्यावर बसायच्या, माल बोलवायच्या, गिऱ्हाईक सांभाळायच्या. शेठ दारातल्या खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जगात काय चाललंय ते सांगायचे. साठी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा.

मग नागपूरला त्यांच्या साडूच्या मुलीचं लग्न निघालं.

लग्न एका भल्यामोठ्या रिसॉर्टात होतं. फाटकापासून मांडव इतका लांब की चालत गेलेला पाहुणा वधूपक्षाशी भांडूनच पोचला असता. म्हणून पाहुण्यांना न्यायला पांढऱ्या, बिनदाराच्या, वर छप्पर असलेल्या छोट्या गाड्या होत्या. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. शेठ गुडघ्याला हात लावत त्यातल्या एकीत बसले आणि त्यांचं लग्न तिथंच लागलं. गाडी मांडवाशी थांबली, बाकीचे उतरले, शेठ उतरले नाहीत. गाडी फाटकाकडे परत निघाली, शेठही निघाले. तिकडे मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या. शेठ आपले फाटक ते मांडव, मांडव ते फाटक. शेवटी गाडीवाल्या पोरानं विचारलं, "काका, तुमचं काही हरवलं का?"

"नाही," शेठ म्हणाले, "सापडलं."

त्याच्याकडूनच कळलं की रिसॉर्टवाल्यांना नव्या गाड्या येणार होत्या आणि जुन्या विकायला काढल्या होत्या. ही गोल्फची गाडी असते, विजेवर चालते, रात्री चार्जिंगला लावली की सकाळी तयार. शेठनी संध्याकाळपर्यंत सौदा पक्का केला आणि घरी परतताना, अर्धा रस्ता मागं पडल्यावर, भंवरीबाईंना सांगितलं. आधी विचारून घेतलेली वस्तू घरात येत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

भंवरीबाईंनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "दार आणलं ते बकऱ्यायच्या कामी आलं. हे कोनाच्या कामी येनार हाय?"

सोयाबीन टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर बसून गाडी आली. गोदामाच्या ओट्याला ट्रक मागून लावला, फळ्या टाकल्या, आणि नव्या सुनेला उतरवावं तशी ती उतरवली. चौक भरून गेला.

"याले दारं कुठं हायेत?"

"चोरीले गेली असतीन."

"हे गाडी हाय का पालखी?"

सरपंच उदयसिंग गर्दी बाजूला सारत पुढे आले. गावात काहीही नवीन आलं की त्याच्यासोबत फोटो काढायचा, ही त्यांची कामाची पद्धत. त्यांनी आधी फोटो काढला आणि मग विचारलं, "शेठ, हे गोल्फ म्हंजे नेमकं काय असते?"

शेठ याच प्रश्नाची वाट पाहत होते. "मोठ्या लोकायचा खेळ हाय. मैदानात एक चेंडू ठेवाचा. काठीनं दूर मारायचा. मंग या गाडीत बसून त्याच्यामागं जायाचं."

ढेप घ्यायला आलेली गोमतीबाई हे सगळं ऐकत होती. तिच्या म्हशी होत्या आणि बोलायला ती कुणाला भीत नव्हती. "मंग येवढ्या दूर मारायचाच कायले?" ती म्हणाली.

शेठ रुमालानं गाडीचं छप्पर पुसू लागले. याचं उत्तर गोल्फ खेळणाऱ्यांकडेही असेल असं वाटत नाही.

पुढचे काही दिवस शेठच्या आयुष्यातले सोन्याचे. घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत, पण ते आता गावाला वळसा घालून दुकानात येऊ लागले. महामार्गावर या गाडीला मज्जाव होता, तो काही शेठना जाचला नाही, कारण महामार्गावरचे लोक पाहतात आणि निघून जातात, गल्लीतले लोक पाहतात आणि पाहतच राहतात. अडचण एकच होती. गाडीला आवाज नव्हता. कोंबड्या उठेनात, रस्त्यात पत्ते कुटणारे हलेनात, आणि हॉर्न असा की सर्दी झालेल्या पिल्लानं शिंकावं. मग शेठ स्वतःच तोंडानं "सरका, सरका" करत जायचे. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला, श्रेयांसला, गावच्या मित्रानं व्हिडिओ पाठवला. श्रेयांसनं तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

हे चाललं बाजाराच्या दिवसापर्यंत. त्या दिवशी शेठनी पांढरा सफारी घातला आणि भर बाजारातून, मिरच्यांच्या ढिगांमधून गाडी काढली. भाजीवाल्या बायका ताडपत्र्या आवरत बाजूला झाल्या. मधोमध येऊन गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एका वांग्याच्या ढिगापाशी थांबली. शेठनी पाय दाबला. पुन्हा दाबला. गाडी विकणाऱ्यानं सगळं सांगितलं होतं, फक्त बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत हे सांगायचं राहिलं होतं.

एरवी कुणीही ढकलली असती. पण इतके दिवस "सरका, सरका" ऐकलेले लोक आता सरकून उभे होते आणि मजा पाहत होते. शेवटी गोमतीबाईचाच जीव कळवळला. तिची बैलबंडी बाजाराच्या तोंडाशी सोडलेली होती. तिनं बैल जुंपले, बंडीच्या मागं दोर बांधला, दोराला शेठची गाडी बांधली आणि शेठना म्हणाली, "बसा आतमंधी. हँडल धरा. उतरू नका, इज्जत जाईन."

अशी वरात निघाली. पुढं बैल, मग बंडी, मग बंडीत गोमतीबाई, आणि मागं पांढऱ्या सफारीतले शेठ, स्टेअरिंग घट्ट धरून, जणू बैलांना तेच चालवत होते. गोदामाशी दोर सोडताना गोमतीबाई म्हणाली, "शेठ, बैलानंच ओढायची व्हती तं छकडा घ्याचा ना. तो सस्ता येते."

त्याच दिवशी गाडीवर ताडपत्री पडली. काचेचं दार, मुका काटा आणि पांढरी गाडी. गोदामात आता तिघं झाली. शेठनी गुडघ्याचं निमित्त काढलं आणि अकोल्याला बहिणीकडे निघून गेले. तिथं डॉक्टरही होता आणि तिथं कुणी बाजारातली गोष्टही ऐकली नव्हती.

शेठना नेणारी प्रवासी जीप वळणाआड गेली तशा भंवरीबाई उठल्या आणि त्यांनी युनूसला बोलावणं धाडलं.

युनूसचं स्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान. ट्रॉल्या, फाटकं, जाळ्या, काय वाटेल ते जोडायचा. त्यानं ताडपत्री उचलली, खाली वाकला, वर पाहिलं आणि म्हणाला, "भाभी, मशीन चांगलं हाय. बॅटऱ्या मेल्या हायेत. पन हे शेठचं करायचं काय?"

"शेठचं मी पाह्यतो," भंवरीबाई म्हणाल्या. "तू मले सांग, हे कट्टे नेईन का?"

"नेईन."

"अन् मागं काही बांधलं तं ओढन?"

युनूसनं डोकं खाजवलं. "ओढन. सपाटीवर हलकंसलकं ओढन. पन मोटर काही बैल नाई, भाभी. बैल थकला का बसते. मोटर बसत नाई, जळते. वास आला का थांबायचं, येवढं ध्यानात ठेवाचं."

"हमालाची पाठ जाऊन राह्यली ओझं वाहून वाहून," भंवरीबाई म्हणाल्या. "काढ ते मागचं सीट."

नव्या बॅटऱ्या बसल्या. मागचं मऊ सीट गेलं, तिथं कट्टे ठेवायला लोखंडी हौदा आला. हौद्याखाली, थेट चासीला जोडून, युनूसनं अंगठ्याएवढ्या जाड सळईचा हूक लावला. उरलेला पांढरा रंग ढेपीच्या भुश्शानं आपोआप बदलला.

शेठ परत आले तेव्हा त्यांची गाडी गोदामातून दुकानाकडे कट्टे घेऊन चालली होती. शेठ जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"माह्या गाडीचं तुमी सगळ्यायनं गाढव करून टाकलं!"

"गाढव घरात पयलेच व्हतं," भंवरीबाई गल्ल्यावरून न उठता म्हणाल्या. "आता ते कामाले लागलं."

त्या नेमकं कुणाला म्हणाल्या यावर दुकानात कुणी चर्चा केली नाही.

शेठनी चार दिवस अबोला धरला. दारातल्या खुर्चीवर बसायचे, पण पाठ गाडीकडे करून. मात्र हमाल ती चालवायचा आणि चालवताना भिंतीला, ओट्याला, खांबाला लावून यायचा. प्रत्येक आवाजाला शेठच्या तोंडावर कळ उमटायची. पाचव्यांदा खांबाला लागली तेव्हा ते उठले. "उतर," त्यांनी हमालाला सांगितलं. "तुले घोडं चारता येत नाई अन् हे हाकून राह्यला." मग पुढचे कट्टे शेठनीच आणले. फक्त रस्त्यात कुणी भेटलं की सांगायचे, "तपासून पाहून राह्यलो."

तपासणी रोज होऊ लागली.

पहिलं टोचन लागलं ते खालिदच्या ऑटोला. टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दोरानं दुसऱ्या गाडीमागं बांधून नेणं. खालिदचा ऑटो नेमका दुकानासमोर बंद पडला आणि गिऱ्हाइकांची वाट अडली. खालिद लाथ मारून पाहत होता, हात जोडून पाहत होता. भंवरीबाई म्हणाल्या, "अहो, तो हूक काय शोभेले लावला?" शेठना हे काम मुळीच पसंत नव्हतं. पण चौकातले सगळे पाहत होते, आणि चौकातले सगळे पाहत असले की शेठना नाही म्हणता येत नसे. दोर बांधला. गाडी किंचित मागं दबली, दोर ताणला, आणि काही आवाज न करता ऑटो निघाला. युनूसच्या दुकानापर्यंत शेठनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. उतरल्यावर मात्र तीन वेळा पाहिलं.

मग कुणाची मोटरसायकल, कुणाचा भरलेला हातगाडा, कुणाची चारा कापायची मशीन. गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, बैल आता घरोघरी राहिले नाहीत, आणि माणसं ढकलायला बोलावली तर आधी चहा मागतात. शेठची गाडी चहा मागत नव्हती. काही दिवसांत लहान पोरंसुद्धा त्यांना "टोचनवाले शेठ" म्हणू लागली. हे नाव शेठना काट्यासारखं टोचायचं. तिकडे पुण्यात श्रेयांसनं मित्रांना सांगून टाकलं की वडील लॉजिस्टिक्समध्ये आहेत.

अशात एका सकाळी सरपंच उदयसिंग दुकानात आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सभामंडपाच्या भूमिपूजनाला साहेब येणार होते. साहेब म्हणजे फार मोठे. नाव घेताना उदयसिंग उभे राहत. अडचण अशी की पाइपलाइनसाठी गावातला रस्ता खोदून ठेवला होता. तो उदयसिंगांच्याच कारकिर्दीत खोदला होता आणि त्यांच्याच कारकिर्दीत बुजायचा राहिला होता. साहेबांची मोठी गाडी आत येणार नव्हती.

"शेठ," उदयसिंग म्हणाले, "साहेबायले पायी आणलं तं ते रस्ता पाह्यतीन. तुमची गाडी पायजे. पन ते हौदा-बिवदा नको. पयल्यासारखी."

'पयल्यासारखी' हा शब्द शेठच्या कानात मधासारखा उतरला. त्यांनी त्याच दिवशी हौदा काढायला लावला, जपून ठेवलेलं सीट बसवलं, मांडववाल्याकडून लाल मखमलीची गादी आणली, छपराला झालर लावली. युनूस हूक काढायला वाकला तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. "हे राहू द्या, शेठ. बसवतानी लई मेहनत लागली. वरून हार टाकू झेंडूचा. कोनाले दिसते?" हार टाकला. हूक दिसेनासा झाला.

साहेब आले. ढोल वाजला. गाडीत बसायची जागा चौघांची. पुढं शेठ आणि साहेब. मागं उदयसिंग, हार धरणारा एक, पाण्याची बाटली धरणारा एक, आणि साहेबांच्या अगदी जवळचे म्हणून तिघं. मागच्या फळीवर फोटोवाला लोंबकळत होता. शेठनी पांढरा सफारी पुन्हा घातला होता. ते मान ताठ करून चालवत होते आणि अधूनमधून बाजूला पाहत होते, लोक पाहतायत का म्हणून. लोक पाहत होते. पण साहेबांकडे. नमस्कार साहेबांना, फुलं साहेबांवर. एक फूल शेठच्या डोळ्यात गेलं, तेही नेम चुकून. मारुतीच्या देवळाजवळच्या चढावर गाडी मुंगीच्या चालीनं चढू लागली तेव्हा साहेबांनी विचारलं, "गाडीवाले, जोरात जात नाही का हो ही?"

गाडीवाले. शेलूबाजारात शेठना आजवर कुणी गाडीवाले म्हटलं नव्हतं.

चढ संपला आणि गल्ली वळली तर पुढं वाट बंद. खालिदचा ऑटो खोदलेल्या चारीच्या कडेला मागच्या चाकानं रुतून आडवा झाला होता. त्यात गच्च भरलेल्या होत्या प्लास्टिकच्या खुर्च्या. याच सभेच्या. म्हणजे पुढं जाता येईना, आणि गेलं असतं तरी बसायला काही नव्हतं.

"बाजूले घे!" उदयसिंग ओरडले.

"घेतला असता तं असा उभा असतो का, सरपंच?" खालिद म्हणाला.

माणसं लावली, ढकलून पाहिलं. कार्यकर्ते बरेच होते, पण सगळ्यांचे कपडे पांढरे. हात ऑटोला लावायचा आणि पाय चिखलात टाकायचा नाही, अशा बेतानं ऑटो कसा हलणार? एवढ्यात कुणीतरी गर्दीतून म्हणालं, "अरे, टोचनवाले शेठ इथंच तं हायेत!" आणि अख्खी गल्ली एकदम बोलू लागली. "शेठ, लावा टोचन!"

शेठनी साहेबांकडे पाहिलं. लाल गादीकडे पाहिलं. मग खाली उतरून म्हणाले, "साहेब, उतरा लागते. वजन जास्त होते."

साहेब उतरले. त्यांचा पांढरा बूट पाइपलाइनच्या चिखलात मावेल तितका गेला. मागचे सगळे उतरले, आणि शेठनी गाडी फिरवून तिची पाठ ऑटोकडे केली. युनूस गर्दीतूनच आला, त्यानं झेंडूचा हार बाजूला सारला आणि हुकाला दोर घातला. शेठनी पाय दाबला. गाडी ओढू लागली. चाकं जागीच फिरली. लाल गादी घसरून खाली पडली. "शेठ, आन्खी थोडं!" गल्ली ओरडत होती. "हळू, शेठ! डावीकून! आन्खी थोडं!" ओट्यांवरच्या बायका, छपरांवरची पोरं, सगळे शेठना ओरडून सांगत होते, काय करायचं ते. युनूस मागून ऑटोला खांदा देऊन नाक वर करून वास घेत होता, मोटरीचा. दोर कचकचला, ऑटो एकदा मागं गेला आणि मग खुर्च्या खडखडवत वर आला. जो आवाज उठला तो ढोलापेक्षा मोठा होता.

नेमक्या त्याच क्षणी साहेबांना फोटोवाला दिसला. ते दोन पावलं पुढं झाले आणि त्यांनी ताणलेल्या दोरावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. 'गरीब ऑटोचालकाच्या मदतीला धावले साहेब, स्वतः ओढला दोर.' सभेतल्या भाषणात उदयसिंगांनी सांगितलंच होतं की साहेबांचा हात लागला म्हणून ऑटो निघाला आणि साहेबांचा हात लागला की गावही असंच वर येईल. चारीचा उल्लेख त्यांच्याकडून राहून गेला. फोटोच्या डाव्या कडेला एक पांढऱ्या बाहीतलं कोपर आलं होतं. शेठनी तो पेपर आठवडाभर दुकानात ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोट ठेवून दाखवला. "हे कोपर माहं."

पण त्याच सकाळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कुणी न सांगता युनूसकडे गेले आणि म्हणाले, "हौदा बसवून दे परत." युनूसनं काही विचारलं नाही. भंवरीबाईंनी विचारलं. शेठ म्हणाले, "मखमलीवर ढेपीचे डाग पडते." हे कारण खोटं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. साहेबांना घेऊन जाताना शेठकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि ऑटो ओढताना अख्ख्या गल्लीला त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. शेठ इतर बाबतीत कसेही असोत, लोकांची नजर कुठं आहे हे त्यांना बरोबर कळायचं.

यानंतर शेठ आपणहून टोचनाला जाऊ लागले आणि पहिल्यापासून हीच कल्पना होती असं सांगू लागले. "नागपूरलेच माह्या ध्यानात आलं व्हतं," ते म्हणायचे. भंवरीबाई ऐकायच्या आणि सुटे मोजायच्या.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ. शेठ सूर्य बुडायच्या आत जेवायचे. त्यांच्या जैन घरचा तो नेमच होता, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. ताट वाढलं होतं. बाजरीची भाकर, मुगाची भाजी. एवढ्यात खालिदचा फोन आला. ऑटो शिवारातल्या रस्त्यावर बंद पडला होता. वाशिमहून डोळ्याचं ऑपरेशन करून आलेल्या गावातल्या लतीफाबी आत होत्या. "दुसरं कोनी फोन उचलून नाई राह्यलं, शेठ."

शेठनी ताटाकडे पाहिलं, खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. "आलोच," ते भंवरीबाईंना म्हणाले.

"दिवस बुडायच्या आत येत नाई तुमी," त्या म्हणाल्या. पण हातानं त्यांना मफलर दिला.

शेठ पोचले तेव्हा सूर्य तुरीच्या शेतांवर टेकला होता. लतीफाबी फार म्हाताऱ्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. ऑटोत धक्के बसतील म्हणून शेठनी त्यांना हात धरून आपल्या शेजारी बसवलं. खालिद मागं ऑटोचं हँडल धरून बसला, दोर बांधला, आणि दोन्ही गाड्या गावाकडे निघाल्या.

थोड्या वेळानं लतीफाबी म्हणाल्या, "बेटा, हे चालू हाय ना? आवाज नाई येऊन राह्यला."

"चालू हाय, खाला," शेठ मावशीला म्हणावं तसं म्हणाले. "इजेवरची हाय."

"अच्छी है. झोपेसारखी चालते." मग जरा थांबून, "तू कोनाचा रे?"

शेठनी तोंड उघडलं. आपलं नाव सांगायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. पण शेजारी बसलेल्या बाईला ना गाडी दिसत होती, ना सफारी, ना शेठ. काय झालं कोण जाणे, ते म्हणाले, "बाजारातलाच हाय, खाला. ढेपीच्या दुकानातला."

"शिखरचंदच्या? कामाले हाय तिथं?"

"हो."

"शेठ कसा हाय तो?"

"हाय बरा."

"लोक म्हणते जरा पागल हाय."

शेठनी रस्त्यावरचा एक खड्डा हलकेच चुकवला. "जरा हाय," ते म्हणाले.

"पन बायको हुशार हाय म्हणते."

"हाव. ते हाय."

लतीफाबी हसल्या. पट्टीखालून पाणी आलं ते त्यांनी पदरानं टिपलं आणि बाकीचा रस्ता त्या आपल्या नातीच्या लग्नाचं सांगत राहिल्या. शेठ ऐकत राहिले. एरवी त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या कुणाला एवढं बोलायला मिळत नसे. घराशी उतरवताना त्यांनी चाचपडत शेठच्या डोक्यावर हात ठेवला. "खुश रहो. शेठले सांग, पगार वाढव म्हणा."

"सांगतो," शेठ म्हणाले.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. ताट झाकून ठेवलेलं, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

"तू जेवली का?" शेठनी विचारलं.

"मंग? तुमची वाट पाहून उपाशी राह्याले मी काय नवी नवरी हाव?" भंवरीबाई म्हणाल्या. मग त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. "पोचली का म्हातारी?"

"पोचली." शेठनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. "म्हणे, तुह्या नवऱ्याचा पगार वाढव."

"कोन म्हणे?"

"काही नाई," शेठ म्हणाले आणि झोपायला गेले.

लतीफाबींना आपण नाव सांगितलं नाही ही गोष्ट त्यांनी पुढंही कुणाला सांगितली नाही. बाकीची मात्र सकाळी दुकान उघडायच्या आतच चौकात सांगून झाली होती. दूधवाल्याला सांगितलं तेव्हा त्यांनी ताट सोडून धाव घेतली होती. उदयसिंगांना सांगितलं तेव्हा त्यांनी संकल्प करूनच उपास धरला होता. चौकातून बाजारात आणि बाजारातून स्टँडपर्यंत जाता जाता उपास वाढत गेला. भंवरीबाईंनी एकदा खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण गिऱ्हाईक आलं. दुपारी दोन बायका दर्शनाला आल्यासारख्या दुकानात येऊन शेठकडे पाहून गेल्या. संध्याकाळपर्यंत शेलूबाजारात शेठचे पाण्याविना तीन उपास झाले होते, आणि भरपेट मुगाची भाजी खाऊन बसलेल्या शेठनी त्यातला एकही नाकारला नाही.